टोपणाखालची मलई आणि ३८,००० रुपयांचं हेड

प्रश्न असा आहे. महाबळेश्वरला राहणाऱ्या एका गृहस्थांची १२०० सीसीची पेट्रोल गाडी, सात वर्षं जुनी, ५८,००० किलोमीटर फिरलेली. रोजचं येणं-जाणं घर ते दुकान, जेमतेम तीन किलोमीटर. ऑगस्टमध्ये त्यांनी ऑइल भरायचं टोपण उघडलं, तर आतल्या बाजूला पिवळसर पांढरी मलई. गॅरेजमध्ये दाखवल्यावर "हेड पॅकिंग गेलं, ऑइलमध्ये पाणी उतरतंय" (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, पॅकिंग म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील करणारी चकती) असं सांगून ३८,००० रुपयांचा अंदाज हातात दिला गेला. गाडीचा तापमानाचा काटा कधी वर गेला नाही, ओढही कमी झालेली नाही. विचारताहेत, हेड उघडू का?

आज तरी नका उघडू. एकतीस वर्षं इंजिनं खोलतोय, त्यात विनाकारण उघडलेली हेडं बरीच पाहिली. ऑइलमध्ये पाणी दिसलं की पहिलं काम एकच, ते आलं कुठून हे ठरवणं. ते ठरेपर्यंत पाना उचलायचा नाही. "खोलल्यावर कळेल" म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा खोलल्यावरही कळत नाही.

आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढा. तुमच्या पत्रात टोपणाचं वर्णन चार ओळींचं आहे आणि डिपस्टिकचा उल्लेखच नाही. टोपण म्हणजे इंजिनाचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात गार कोपरा. आत जी वाफ असेल तिचं तिथे येऊन पाणी होणार, पातेल्यावरच्या झाकणाखाली थेंब धरतात तशी. डिपस्टिकचं खालचं टोक मात्र चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातल्या, ऑइलात बुडालेलं असतं. ते टोक पांढऱ्या कागदावर पुसा. तपकिरी किंवा काळं, पारदर्शक, बोटात घसरणारं ऑइल आलं तर खाली सगळं ठीक आहे. दुधाच्या चहासारखं, घट्ट, फेसाळ आलं तर गाडी चालू करू नका आणि हे उत्तर मधल्या भागापासून वाचा.

तुमच्याकडे पहिला प्रकार निघेल असा माझा अंदाज आहे. कारण सांगतो.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण पेट्रोलमधल्या हायड्रोजनचं हवेतल्या ऑक्सिजनशी दुसरं काय होणार? सकाळी सायलेन्सरमधून टपटप पाणी पडतं ते हेच. बहुतेक वाफ तिथून जाते, पण थोडी पिस्टन रिंगांच्या बाजूने निसटून खाली चेंबरमध्ये उतरते. इंजिन नीट तापलं की ती पुन्हा वाफ होऊन ब्रीदरच्या नळीतून इनटेककडे ओढली जाते आणि जळून जाते. तीन किलोमीटरमध्ये हे होत नाही. कूलंटचा काटा मधे आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही, ऑइलला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. म्हणजे तुमचं इंजिन रोज दोनदा पाणी बनवतं आणि ते बाहेर टाकण्याआधी बंद होतं. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणून लोक हवेतल्या दमटपणाला दोष देतात. त्याचा वाटा किरकोळ. खरा वाटा तुमच्या छोट्या फेरीचा आणि गार हवेत कधीच न तापणाऱ्या टॅपेट कव्हरचा, म्हणजे हेडवरच्या झाकणाचा.

गाडी सीएनजीवर असेल तर हे आणखी ठळक दिसतं. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी बनतं, एक किलो पेट्रोलमागे ते १.४ किलोच्या आसपास असतं. थंडीत पहाटे सीएनजीवर छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांच्या टोपणाखाली मलई दिसणं ही रोजची गोष्ट आहे. (ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे ऑइलमध्ये पाणी येतं का, हेही हल्ली विचारतात. इथेनॉलचा एक लिटर जळला तरी पाणी जवळपास तेवढंच बनतं, किंचित कमीच. या मलईचं खापर त्यावर फोडू नका.)

आता करायचं काय? टोपण आणि ऑइल भरायच्या तोंडाची मान कपड्याने स्वच्छ पुसा. गाडी गार असताना कूलंटच्या टाकीवर पातळीशी मार्करने रेघ मारा आणि तारीख लिहा. मग पाचगणीवरून खाली वाईला जाऊन परत या. उतरताना इंजिनाला फारसं काम नसतं, ते तापतं परतीच्या पसरणी घाटात. चढावर गिअर थोडा खालचा ठेवा, इंजिनाला दमवा. असं आठवड्यात दोनदा करा. दहा दिवसांनी पुन्हा गार इंजिनावर बघा. मलई आलेली नाही किंवा नखभर आहे, आणि कूलंट रेघेवर आहे, तर हेड पॅकिंग शाबूत आहे. ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या आणि इथून पुढे ऑइल किलोमीटर पाहून बदलू नका, सहा महिन्यांनी बदला. तुमच्या वापरात किलोमीटर हा आकडा फसवा आहे.

मलई पुन्हा आलीच आणि कूलंट रेघेवरच आहे, तर दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, पीसीव्ही व्हॉल्व्ह (चेंबरमधली वाफ इनटेककडे सोडणारी झडप) आणि ब्रीदरची नळी. ती चिकटली की वाफ आतच कोंडते. दुसरी, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप. यावर थोडं थांबतो, कारण हे आपल्याकडचं खास दुखणं आहे. गाडी एकदा गरम झाली की रस्त्यावरचा मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतो आणि मालकाला सांगतो, "आता आयुष्यात गरम होणार नाही." खरंच होत नाही! साताऱ्यात माझ्याकडे एक गाडी आली होती, तिला दोन वर्षांत तीनदा ऑइल बदलून झालं होतं, हेड पॅकिंगही एकदा बदलून झालं होतं, तरी टोपणाखाली लोणी. हीटर लावला तर कोमट वारा. थर्मोस्टॅटच्या घरात हात घातला तर घर रिकामं. तो नसला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं आणि हायवेवरसुद्धा इंजिन साठ-पासष्ट अंशांच्या वर जात नाही. ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडणारा नवा थर्मोस्टॅट बसवला, प्रकरण संपलं. आधी दिलेले हेडचे पैसे अर्थात परत आले नाहीत. तुमच्या गाडीचा काटा "कधी वर गेला नाही" असं तुम्ही लिहिलंय, तो मधे तरी येतो का, ते बघा.

आणखी एक फालतू वाटणारं कारण. सर्व्हिसिंगला इंजिनावर प्रेशरचं पाणी मारतात. टोपण सैल असेल किंवा डिपस्टिकचं रबर फाटलेलं असेल तर पाणी सरळ आत जातं. मलई दिसायच्या आधीच्या आठवड्यात गाडी धुतली होती का, आठवा.

आता डिपस्टिकवरच चहा दिसणाऱ्यांसाठी.

तिथे बहुधा कूलंट उतरलेलं असतं आणि त्याला घाई करावी लागते. कूलंटमधलं ग्लायकॉल नुसत्या पाण्यापेक्षा वाईट. ते ऑइलला घट्ट करतं, त्याचा चिखल ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो, आणि बेअरिंगच्या मऊ थराला खातं. अशी गाडी पाच किलोमीटर "हळूहळू गॅरेजपर्यंत" नेणं म्हणजे हेडच्या खर्चात क्रँकचा खर्च मिळवणं. टो करा.

रात्रभर गाडी सपाट जागी उभी ठेवा आणि सकाळी स्टार्ट न करता चेंबरचा नट अगदी सावकाश सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. आधी हिरवं किंवा गुलाबी पाणी ओघळलं आणि मागून ऑइल आलं, तर कूलंट उतरतंय हे नक्की, आणि बराच ऐवज उतरतोय. सगळंच घुसळलेल्या ताकासारखं आलं तर गाडी पाण्यासकट चाललेली आहे, ते आपोआप वेगळं होणार नाही.

शंका असेल तर तव्याची परीक्षा. जुना तवा, घराबाहेर, डोळ्यांना गॉगल. तवा चांगला तापवा, गॅस बंद करा, मग ऑइलचा एक थेंब टाका. कोरडं ऑइल नुसतं पसरतं आणि धुरावतं. हजारात एक भाग पाणी असलं तरी ते गरम तेलात ओली मोहरी पडल्यासारखं तडतडतं. मात्र ही परीक्षा पाणी आहे एवढंच सांगते, कुठलं ते सांगत नाही. तीन किलोमीटरवाल्यांचं ऑइलही तडतडेल.

आणि डिपस्टिकवरची पातळी वाढलीय पण रंग दुधाळ नाही, अशा बीएस ६ डिझेलवाल्यांनी पाण्याच्या मागे लागू नये. डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीची) सफाई अर्धवट राहिली की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ते वेगळं प्रकरण.

कूलंट उतरतंय हे ठरलं, तरी हेड पॅकिंग हा फक्त एक संशयित असतो. गॅरेजमध्ये पुढचं या क्रमाने करून मागा. इंजिन गार असताना कूलंटच्या टाकीवर हातपंप लावून त्या टाकीच्या टोपणावर छापलेल्या दाबाइतकी हवा भरायची. बहुतेक गाड्यांत तो आकडा ०.९ ते १.४ बारच्या मधला असतो, त्याच्या वर जायचं नाही. वीस मिनिटं पंपाचा काटा स्थिर राहिला पाहिजे. उतरला तर बाहेर कुठे गळतंय का बघायचं. बाहेर कोरडं असेल तर स्पार्क प्लग काढून सिलेंडरमध्ये डोकावायचं. चेंबरचा नट काढून, दाब तसाच ठेवून, खाली थेंब येतो का बघायचं. धीर असेल तर चेंबरच उतरवायचं आणि टॉर्च घेऊन गाडीखाली आडवं व्हायचं. थेंब कुठल्या सिलेंडरखालून येतो, की टायमिंगच्या बाजूने, की फिल्टरच्या बाजूने, हे डोळ्यांनी दिसतं. माझ्या आवडीची हीच तपासणी. यंत्र स्वस्त, उत्तर स्पष्ट, तरी कोणी करत नाही, कारण अंग मळतं.

निळ्या पाण्याची परीक्षाही आहे. गरम, चालू इंजिनावर कूलंटच्या टाकीतली हवा निळ्या द्रवातून ओढायची. सिलेंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर द्रव पेट्रोल गाडीत पिवळा होतो. चांगली आहे, पण तिचा अर्थ नीट लावायला हवा. हेड पॅकिंग मुख्यतः तीन ठिकाणी फुटू शकतं, सिलेंडर आणि पाण्याच्या वाटेत, पाण्याच्या आणि ऑइलच्या वाटेत, किंवा दोन सिलेंडरांच्या मधे. दुसऱ्या, पाणी-ऑइलच्या प्रकारात ऑइल दुधाळ होतं, पण वायू कुठेच शिरत नाही. द्रव निळाच राहतो, कॉम्प्रेशनही उत्तम येतं, आणि मेकॅनिक म्हणतो, "हेड ओके आहे." उलट पहिल्या प्रकारात गाडी पांढरा गोडसर धूर सोडते, पाणी पिते, होज दगडासारखे होतात, आणि ऑइल मात्र स्वच्छ असतं.

दुसरा संशयित ऑइल कूलर, विशेषतः डिझेलवाल्यांसाठी. फिल्टरच्या बुडाशी अॅल्युमिनियमचा एक डबा असतो, त्यात एका बाजूने ऑइल आणि दुसऱ्या बाजूने कूलंट वाहतं, मधे पातळ पत्रा. पत्र्याला भोक पडलं की चालू इंजिनात ऑइलचा दाब तीन-चार बार आणि कूलंटचा एकच्या आसपास, म्हणून ऑइल कूलंटमध्ये घुसतं. टाकीत चॉकलेटी गाळ दिसतो. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब लगेच शून्य होतो, पण गरम कूलंटचा दाब तासभर टिकतो. मग तो उलटा ऑइलमध्ये जातो. दोन्हीकडे घाण दिसली आणि ओढ, कॉम्प्रेशन ठीक असेल, तर आधी कूलर उतरवून पाण्याच्या बादलीत हवा भरून बघा, पंक्चर काढताना ट्यूब बुडवतात तसं. एका ट्रॅव्हल्सवाल्याची डिझेल गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचं हेड दोनदा उतरवून झालं होतं, एकदा ब्लॉकला चीर आहे असंही सांगून झालं होतं. बादलीत कूलर बुडवला, दोन मिनिटांत बुडबुडे. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो.

ट्रॅक्टर आणि ट्रकवाल्यांसाठी एक ओळ: वेट लायनर (बाहेरून कूलंटमध्ये बुडालेली, सिलेंडरची सुटी नळी) असलेल्या इंजिनात लायनरखालचे रबरी रिंग गेले की पाणी थेट चेंबरमध्ये उतरतं, हेडचा काही संबंध नसतो.

आणि हेडच दोषी ठरलं, तर ते कसं करतात यावर तुमचे पैसे टिकतात. पॅकिंग स्वतःहून क्वचितच मरतं. गाडी कधीतरी तापलेली असते, किंवा वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातल्याने पाण्याच्या वाटांच्या कडा खाल्लेल्या असतात. म्हणून नुसतं पॅकिंग बदलून हेड परत ठेवणाऱ्याकडे गाडी देऊ नका. हेड लेथवर नेऊन आधी प्रेशर टेस्ट, मग पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून वाक बघायचा. छोट्या गाड्यांत साधारण ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. फेसिंग केल्यावर (हेडचा तळ कापून सपाट केल्यावर) जाडी किमान मर्यादेच्या खाली तर जात नाही ना, तेही विचारा.

ब्लॉकचा पृष्ठभाग ग्राइंडरच्या एमरी चकतीने घासू देऊ नका. त्याची भुकटी ऑइलच्या वाटेत जाते आणि नवं काम केल्यावर महिन्याभरात बेअरिंग वाजायला लागतं. बोल्टची भोकं कोरडी हवीत. तळाशी पाणी किंवा ऑइल राहिलं तर पाना टॉर्क झाला, म्हणजे हवं तेवढं आवळलं, असं सांगतो, पण बोल्ट बसलेला नसतो, कधी ब्लॉकच फुटतो. अंशात फिरवून आवळायचे बोल्ट असतील तर नवेच घ्यायचे, ते एकदा ताणले जातात. आवळायचं मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने. बाटलीतून कूलंटमध्ये ओतायचं "सील" हीटरची आणि रेडिएटरची बारीक नळी आधी बुजवतं. मी वापरत नाही.

काम झाल्यावर इंजिनात उरलेला चहा बाहेर काढायचा असतो, आणि इथे बहुतेक जण आळस करतात. साधं स्वस्त मिनरल ऑइल आणि नवा फिल्टर घाला, पंधरा-वीस मिनिटं नुसती आयडलला चालवा, गरम असतानाच काढा. रंग दुधाळ आला तर पुन्हा तेच, पुन्हा नवा फिल्टर. दोनदा तर लागतंच, कधी तीनदा. मग योग्य ग्रेडचं ऑइल, तेही ५०० किलोमीटरवर बदलून टाका. डिझेल किंवा रॉकेल घालून धुवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, माझ्या उस्तादांनीही मला तीच शिकवली. सोडून दिली. बेअरिंग ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगतात, डिझेलमध्ये तो पापुद्रा राहत नाही, आणि कोपऱ्यांत उरलेलं डिझेल नंतर नव्या ऑइलला पातळ करतं. गाडी चहावर बरीच चालली असेल तर चेंबर खाली असताना एक-दोन बेअरिंग कॅप उघडून बघाच. करडा तुकतुकीत थर जाऊन तांबूस दिसायला लागलं असेल तर बदलायची वेळ झाली.

पुरातल्या गाडीचं वेगळं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१९ ला कोल्हापूर-सांगली बुडालं, २०२१ ला चिपळूण. तिन्ही वेळा अनेक इंजिनं पाणी ओसरल्यावर सेल्फ मारल्याने मेली. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलेंडरमध्ये पेलाभर पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी एअर फिल्टरपर्यंत गेलं असेल तर बॅटरीची तार काढा, चावी लावू नका. विम्याचं आधी बघा: साध्या पॉलिसीत पाण्यात सेल्फ मारून झालेलं इंजिनाचं नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. मग स्पार्क प्लग किंवा ग्लो प्लग काढून, इंजिन पान्याने हाताने फिरवून पाणी बाहेर. ऑइल, फिल्टर आणि वर सांगितलेलीच मिनरल ऑइलची धुलाई. गिअरबॉक्सचं ऑइलही काढा, त्याच्याही ब्रीदरमधून पाणी शिरतं आणि ते विसरलं जातं.

तर तुमच्याबद्दल. ३८,००० चा कागद खिशात ठेवा, फेकू नका. गॅरेजवाल्याला एवढंच विचारा की कूलंटवर दाब लावून पाहिला का आणि किती मिनिटं ठेवला. उत्तर देता आलं नाही तर गाडी दुसरीकडे न्या. आणि रविवारी पसरणीच्या चढावर काटा कुठे उभा राहतो आणि परत आल्यावर डिपस्टिकचा कागद कसा दिसतो, हे दोन्ही मला कळवा. काटा मधल्या खुणेच्या बराच खाली राहिला, तर थर्मोस्टॅट बदलायची तयारी ठेवा.